हातपाय थंड पडणं: व्हॉल्व्ह, पाइप की वायर?

(हे पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, दोन-तीन ठिकाणी आकडे नीट करून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग जरा घरगुती आहे. विषय आहे हातपाय थंड पडणं, आणि तेही चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांचे. म्हणजे आपले बाबा, काका, मामा, ऑफिसमधले सिनियर. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी कोड लिहितो. पण गेलं वर्षभर या विषयाने घरात इतका मुक्काम ठोकला होता की वाचावं लागलं, विचारावं लागलं आणि आधी काय चुकलं तेही कबूल करावं लागलं. बाबांना विचारूनच सगळं सांगतोय. त्यांची एकच अट होती: "माझं नाव नको आणि वजन सांगू नकोस."

तर झालं असं. गेल्या दिवाळीतली नरक चतुर्दशीची पहाट. आमच्याकडे, डोंबिवली पश्चिमेला, आई अजूनही पाचला उठवते. तेल, उटणं, कडकडीत पाणी, कारीट फोडणं, सगळं साग्रसंगीत. आंघोळ करून मी बाबांच्या पाया पडलो. वर्षातून दोन-तीनदाच पडतो, त्यामुळे पायांकडे लक्ष जायचं काही कारण नव्हतं. पण त्या दिवशी दोन्ही हात दोन पायांवर टेकले आणि जाणवलं, डावा पाय कोमट आहे आणि उजवा गार. नुकतीच गरम पाण्याने आंघोळ झालेली. तरी गार.

"बाबा, तुमचा उजवा पाय गार का?"

"अरे, थंडी आहे."

"मग डावा का नाही गार?"

"तो तरुण असेल," म्हणाले आणि फराळाला बसले.

आता इथे एक कबुली. बाबांचे पाय गार पडतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या हिवाळ्यापासून ते मोजे घालून झोपत होते. आईचं निदान: "वय झालं, रक्त कमी फिरतं." शेजारच्या काकूंचं औषध: लसणीचं तेल. आणि मी, घरातला इंजिनियर, मी काय केलं? मोबाइलवर जाहिरात आली, "रक्ताभिसरण वाढवा", आणि पायाला मसाज करायचं मशीन ईएमआयवर घेऊन टाकलं. ऑफिसमध्ये कुणी प्रॉब्लेम न बघता असं सोल्युशन घेऊन आलं तर मी त्याला मीटिंगमध्ये सोडत नाही. घरी मात्र मीच तेच केलं.

त्याच सकाळी आम्ही फडके रोडला गेलो. डोंबिवलीकरांना सांगायला नको. दिवाळी पहाटेला अख्खी तरुणाई तिथे नवे कपडे घालून उभी असते. स्टेशनचा पूल ओलांडून आम्ही पूर्वेला आलो. पुलाच्या जिन्यावर बाबा थांबले आणि मोबाइल बघायला लागले. मला वाटलं व्हॉट्सअॅप. पुढे फडके रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर थांबले. बाबा आणि साड्या? थोडं पुढे गणपती मंदिराच्या अलीकडे परत थांबले. या वेळी मी विचारलंच. तेव्हा म्हणाले, "पोटरी भरून येते रे. दोन मिनिटं उभं राहिलं की जाते." किती दिवस? "झालं असेल वर्ष."

म्हणजे रोज एमआयडीसीत कामाला जाताना ते पुलावर थांबत होते. मोबाइल हा बहाणा होता.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. कधीतरीच येणारा बग पकडणं अवघड असतं. पण दर वेळी त्याच पायरीवर, त्याच पद्धतीने येणारा बग काहीतरी ठोस सांगत असतो. बाबांची पोटरी दर वेळी जवळपास तेवढंच अंतर चालल्यावर दुखत होती, चढावर लवकर दुखत होती आणि नुसतं उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत थांबत होती. याला वय म्हणत नाहीत. याला वैद्यकीय नाव आहे, क्लॉडिकेशन. लंगडणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेलं. ते नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. पण हा पॅटर्न आहे एवढं कळलं.

मुळात हातपाय गार का पडतात?

आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. उन्हाळ्यात पाणी कमी आलं की सेक्रेटरी काय करतो? बागेचा आणि गाड्या धुवायच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करतो. का? स्वयंपाकघरात पाणी पोचलं पाहिजे म्हणून. शरीर अगदी हेच करतं. मेंदू, हृदय, किडनी ही स्वयंपाकघरं. त्यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलंच पाहिजे. हाताची-पायाची बोटं, कान, नाकाचा शेंडा ही बाग. तिथल्या त्वचेत रक्ताच्या खास छोट्या वाटा असतात. गरम होत असेल तेव्हा त्या उघडतात आणि उष्णता बाहेर टाकतात. गार वाटलं किंवा ताण आला की मज्जासंस्था त्यांना आवळते आणि रक्त आत वळवते.

त्यामुळे ऑफिसच्या एसीत बोटं गार पडणं, परीक्षेआधी तळहात थंड होणं, हा बिघाड नाही. ते फीचर आहे. ज्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय लहानपणापासून गार असतात, चालताना काही दुखत नाही, जखमा वेळेवर भरतात, त्यांनी बहुतेक वेळा मोजे घालावेत आणि निवांत राहावं.

रक्त गोल फिरतं हेसुद्धा माणसाला तसं उशिराच कळलं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये पुस्तक लिहून ते मांडलं. पण रोहिणीतून गेलेलं रक्त नीलेत येतं कुठून, ती बारीक जाळी त्याला दिसली नव्हती. ती मार्चेल्लो माल्पिघी याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिली. हातापायाच्या बोटांतलं सगळं राजकारण चालतं ते या जाळीत आणि तिच्या अलीकडच्या बारीक रोहिण्यांत.

माझ्या डोक्यात मी थंड हातापायांच्या कारणांचे तीन कप्पे केलेत. व्हॉल्व्ह, पाइप आणि वायर. डॉक्टर याहून बारीक विभागणी करतात, पण आपल्याला प्रश्न विचारायला एवढं पुरतं.

कप्पा पहिला: व्हॉल्व्ह

पाइप चांगला आहे, पण व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त आवळला जातोय. याचं ठळक उदाहरण म्हणजे रेनॉ. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये वर्णन केलं म्हणून ते नाव. गार पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरी पडतात, मग निळसर होतात, मग रक्त परत आलं की लाल होतात आणि ठणकतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे रंग पुस्तकातल्या फोटोसारखे स्पष्ट दिसत नाहीत. नखांच्या खाली आणि बोटांच्या पेरांच्या आतल्या बाजूला बघावं लागतं.

रेनॉ तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि त्यांच्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण एखाद्या पुरुषाला चाळिशीनंतर पहिल्यांदाच असं व्हायला लागलं, तर मागे दुसरं काही आहे का हे तपासायलाच हवं.

आणि इथे आपल्या ठाणे जिल्ह्याचा खास संबंध येतो. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. मग डोंबिवली, अंबरनाथ. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांनी उमेदीची वर्षं हातात ग्राइंडर नाही तर ड्रिल मशीन धरून काढलीत. असं थरथरणारं हत्यार वर्षानुवर्षं वापरलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडतात. अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरीणबाईंनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडखाणीत जाऊन हे नोंदवलं. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत होती. म्हणून डॉक्टरांनी "आता काय काम करता" विचारलं तर "पूर्वी काय करत होतो" हेही सांगा. बाबा आता स्टोअर सांभाळतात. पण त्याआधी बरीच वर्षं ग्राइंडिंग केलंय. आम्ही ते सांगायलाच विसरलो होतो, डॉक्टरांनी खोदून काढलं.

व्हॉल्व्ह आवळणाऱ्या आणखी दोन गोष्टी. एक, औषधं. ब्लड प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींचे हातपाय गार पडतात. असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका. ती अचानक थांबवणं धोक्याचं असतं. दोन, निकोटिन. त्याच्याकडे पुढे येतो.

आणि सगळीच टाकी थंड असेल तर? म्हणजे थायरॉइड मंद असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर एकच पाय नाही, अख्खा माणूस गारठतो. सगळे फॅन लावून बसलेत आणि हा शाल ओढतोय. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं, म्हणून ती आधी करून घेतात.

कप्पा दुसरा: पाइप

बाबांचा प्रॉब्लेम इथला होता. रोहिणीच्या आत चरबी आणि चुन्याचा थर बसतो, पाइपमध्ये क्षार साचतो तसा. हृदयाच्या रोहिणीत झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या बाबतीत झालं तर पक्षाघात, पायात झालं तर हे. इंग्रजीत याला पेरिफेरल आर्टरी डिसीझ म्हणतात.

इथे फिजिक्स कामाला येतं. प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा नियम मांडला. (आमच्या वर्गात या नावाचा उच्चार प्रत्येक जण वेगळा करायचा.) बाकी सगळं तेच ठेवलं आणि नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. त्रिज्येचा चौथा घात. शरीर म्हणजे काही सरळ नळी नव्हे, आजूबाजूचे छोटे रस्ते मदतीला येतात, पण मुद्दा लक्षात घ्या. थोडंसं अरुंद होणं वाटतं तेवढं थोडंसं नसतं.

बसल्या जागी पायाला रक्त कमी लागतं, तेवढं मिळतं. म्हणून घरात काही दुखत नाही. जिना चढताना पोटरीच्या स्नायूंना कितीतरी पट जास्त लागतं, ते मिळत नाही, मग स्नायू ओरडतो. थांबलं की मागणी कमी होते, दुखणं जातं. पुलावरचा मोबाइल आता समजला? कमरेच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. डॉक्टरांनी बाबांना पहिला प्रश्न हाच विचारला होता.

हे होतं कुणाला? तंबाखू, मधुमेह, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि वाढतं वय. बाबांना यातलं काही नाही असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं असतं. बारीक अंगाचा माणूस, त्याला कसली शुगर? इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचण्यासारखं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. म्हणजे आपण वरून बारीक दिसतो, आतून तसे असतोच असं नाही. बाबांची तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासली, तर मधुमेह निघाला. कधीपासून होता कुणास ठाऊक.

आणि तंबाखू. "मी सिगरेट सोडली, तू दहावीत होतास तेव्हा," हे बाबा अभिमानाने सांगतात. खरं आहे. पण खिशात चुन्याची डबी आणि पुडी होतीच. ती आमच्या घरात तंबाखूत मोजलीच जात नव्हती, जसं काही घरांत आजीची मिश्री मोजत नाहीत. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण हातावर मळायची साधी तंबाखू राहिलीच. आपल्या राज्यात ओढण्यापेक्षा चघळण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. रक्तवाहिन्यांचं सगळ्यात जास्त नुकसान धुराने होतं हे खरं. पण धूर नाही म्हणजे निकोटिन नाही असं नव्हे, आणि निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे पाइप आधीच अरुंद आणि वर व्हॉल्व्हही पिळायचा.

तंबाखूचाच एक वेगळा आजार सांगतो, कारण तो आपल्या देशात दिसतो आणि ऐन कमावत्या वयात येतो. त्याचं नाव बर्गर्स डिसीझ. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गरने १९०८ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. बहुधा पंचेचाळिशीच्या आतले पुरुष, विडी-सिगरेट ओढणारे. हातापायाच्या छोट्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात. आधी बोटं थंड, मग ठणका, मग जखम, मग बोट काळं पडणं. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. कमी करणं नाही, बंद. ज्यांनी सोडली त्यांचे पाय बहुतेक वेळा वाचतात. ज्यांनी दिवसाला दोनच विड्या ठेवल्या त्यांची खात्री देता येत नाही. सिगरेट सोडून चघळायला लागणं हाही यातून सुटकेचा मार्ग नाही.

कप्पा तिसरा: वायर

कधी कधी पाय गार नसतोच, गार वाटतो. रक्त व्यवस्थित आहे, पण बातमी देणारी नस बिघडली आहे. मधुमेहात हे खूप होतं. बी-१२ कमी असलं तरी होतं, आणि शुद्ध शाकाहारी लोकांत किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असू शकतं. पाय बर्फासारखा वाटतो, किंवा उलट आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं.

घरच्या घरी ओळखायची साधी युक्ती: पंख्याखालून उठून थोडा वेळ बसा आणि दुसऱ्या माणसाला हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय चाचपायला सांगा. त्यालाही गार लागतो का? दोन पायांत फरक आहे का? "मला गार वाटतं" आणि "हात लावला तर गार लागतो" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आणि इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. पाय गार म्हणून गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक, गरम पाण्याची बादली हे मधुमेह असलेल्या माणसाला परस्पर देऊ नका. त्याला चटका कळत नाही. सकाळी उठून बघावं तर फोड आलेला असतो. रक्तपुरवठाही कमी असेल तर तो फोड भरत नाही, आणि तिथून पुढची वाट कुठे जाते ते सांगायला नको. आमच्या घरात पिशवी रोज रात्री दिली जायची. आईने प्रेमाने दिली होती. आमचं नशीब चांगलं.

तपासणी काय असते?

मला वाटलं होतं एमआरआय वगैरे काहीतरी मोठं निघणार. फॅमिली डॉक्टरांनी आधी मोजे काढायला सांगितले. पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे, नाडी असते. हाताची बघतात तशीच पायाचीही बघतात. डाव्या पायाची लागली. उजव्याची लागेना. पाच मिनिटांत दिशा कळली.

मग पुढच्या डॉक्टरांकडे एबीआय झाला. म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या ब्लड प्रेशरचं गुणोत्तर. आडवं झोपवून थोडी विश्रांती देतात. मग नेहमीचाच पट्टा दंडाला आणि घोट्याला बांधून, पेनाएवढ्या डॉपलरने आवाज ऐकत प्रेशर घेतात. सुई नाही, काही नाही. बाबांच्या दंडाचं १४० आलं. उजव्या घोट्याचं ९८, डाव्याचं १३०. भागाकार करा: उजवा ०.७०, डावा ०.९३.

कसं वाचायचं? १ ते १.४ म्हणजे ठीक. ०.९१ ते ०.९९ सीमेवर. ०.९ किंवा कमी म्हणजे रोहिणी अरुंद झाली आहे. आणि १.४ च्या वर गेलं तर खूश होऊ नका. मधुमेहात किंवा किडनीच्या आजारात रोहिणी इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही. तेव्हा अंगठ्याचं प्रेशर वगैरे वेगळी तपासणी लागते.

चेन्नईत एका वस्तीतल्या प्रौढांचं असं मोजमाप करून २००० मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकूण ३.२ टक्के लोकांत हा आजार निघाला, मधुमेह असलेल्यांत ६.३ टक्के. म्हणजे फार दुर्मीळ नाही, आणि शुगर असेल तर धोका साधारण दुप्पट.

आता या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. डॉक्टर म्हणाले, "मला पायापेक्षा छातीची काळजी आहे." पाइप फक्त पायातच गंजत नाही. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाला हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका बराच जास्त असतो. पाय आधी बोलतो एवढंच. आम्ही त्याच्या बोलण्यावर मोजे चढवत होतो.

मग काय केलं?

मला वाटलं होतं लगेच स्टेंट टाकतील. नाही टाकला. आधी गोळ्या: कोलेस्टेरॉलची, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक, शुगरची आणि प्रेशरची. तंबाखू शून्य. आणि चालणं.

हो, ज्याने दुखतं तेच. हृदय तपासून परवानगी मिळाल्यावर पद्धत अशी: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं जाऊ द्यायचं, परत चालायचं. आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. अशा चालण्याने स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतात आणि अंतर वाढत जातं. बाबा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायचे. मी एक्सेल शीट केली होती. ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाकारली आणि कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारल्या. पहिल्या आठवड्यात दीड फेरीला थांबत होते. तीन महिन्यांनी पाच.

तंबाखू मात्र सोपी गेली नाही. दोनदा सुटली, दोनदा परत आली. एकदा मी खिशात पुडी बघून ओरडलो. बाबा शांतपणे म्हणाले, "तुला वाटतं मला पाय नकोय?" त्या दिवसानंतर मी ओरडणं बंद केलं. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. बाबांनी तो स्वतःच लावला, मी घरी नसताना.

मसाज मशीनचं काय झालं? ते पलंगाखाली आहे. डॉक्टर म्हणाले, बंद रोहिणी मसाजने उघडत नाही, आणि अशा पायावर जोराचा दाब नकोच. तीच गोष्ट घट्ट स्टॉकिंग्जची. ते शिरा फुगल्यावर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्समध्ये देतात. रोहिणी अरुंद असताना मेडिकलमधून परस्पर आणून घातले तर आहे तेवढाही पुरवठा कमी होऊ शकतो.

केव्हा थांबायचं नाही?

हे नीट ऐका, जमलं तर घरच्या ग्रुपवर टाका.

पाय किंवा हात अचानक गार पडला, पांढरा झाला, जोरात दुखतोय, बधिर झालाय किंवा हलत नाही: थेट हॉस्पिटल, त्याच तासाला. यात मोजके तासच हातात असतात. साधारण सहा तासांनंतर स्नायूंचं कायमचं नुकसान होत जातं. सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही.

रात्री झोपल्यावर पावलात ठणका लागतो आणि पाय पलंगावरून खाली सोडला की बरं वाटतं, बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नाही, बोट काळपट दिसतंय: त्याच आठवड्यात, जमलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

एकच पाय दुसऱ्यापेक्षा गार, चालल्यावर पोटरी भरून येणं, चाळिशीनंतर नव्याने बोटं पांढरी पडणं, पायावरचे केस गळणं: अपॉइंटमेंट घ्या. आणि तिथे मोजे काढा. डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी काढा.

बाबांचा पाय आजही थोडा गार लागतो. मला वाटायचं ती खूण गेली पाहिजे. डॉक्टर म्हणाले, अंतर मोजा, गारवा नाही. मागच्या आठवड्यात आम्ही परत पूल ओलांडला. वरच्या पायरीवर बाबा थांबले आणि खिशातून मोबाइल काढला. माझ्या पोटात गोळा आला.

"दुखतंय?"

"नाही रे, तुझ्या आईचा फोन आहे. कोथिंबीर आणायची आहे."

मंडळी, आपल्याकडे पाया पडायची पद्धत आहे. पुढच्या सणाला जरा दोन सेकंद जास्त वाका. दोन्ही हात दोन पायांवर ठेवा आणि फरक लागतोय का बघा. लागला तर विचारा, "चालताना कुठे थांबता?" बाबा मंडळी स्वतःहून सांगत नाहीत. तुमच्या घरचे अनुभव, डॉक्टरांचं काही वेगळं म्हणणं, माझी काही चूक, सगळं कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि तो मोज्यांचा जोड एकदा काढून बघा.